चमचमाट कोणी ऐकला? : ‘ध्वनिदर्शक’ या संज्ञेविषयी एक आक्षेप

मराठीच्या शालेय व्याकरणात आणि स्पर्धापरीक्षांच्या मार्गदर्शक पुस्तकांत ‘ध्वनिदर्शक शब्द’ या शीर्षकाखाली एक यादी आढळते. एका पुस्तकातून दुसऱ्यात ती जवळजवळ जशीच्या तशी उतरत आली आहे. पानांची सळसळ, ढगांचा गडगडाट, विजांचा कडकडाट, डासांची भुणभुण, नाण्यांचा छनछनाट हे तिचे ठरलेले घटक. त्यांच्या जोडीला सिंहाची गर्जना, मोराचा केकारव, हंसाचा कलरव, गाईचे हंबरणे येते. आणि याच ओळीत, कसलाही संकोच न बाळगता, तारकांचा चमचमाट आणि रक्ताची भळभळही येऊन बसतात. विद्यार्थी यादी पाठ करतो, रिकाम्या जागा भरतो आणि गुण मिळवतो. तारका चमचमतात तेव्हा त्यांचा आवाज कोणी ऐकला, हा प्रश्न त्याला कोणी विचारीत नाही. आणि त्याने तो विचारलाच, तर यादीजवळ त्याचे उत्तर नसते.

हा प्रश्न पोरकट नाही. एखादा शब्द कोणत्या वर्गात बसतो याचा निर्णय करताना वर्ग कशाचा आहे हे आधी ठरलेले असावे लागते. येथे ते ठरलेले नाही. ज्या यादीत गर्जना, गडगडाट आणि चमचमाट एका शीर्षकाखाली नांदतात, तिच्यात निदान तीन निरनिराळे शब्दप्रकार एकत्र कोंबले गेले आहेत, आणि शीर्षक त्यांपैकी एकालाही नीट लागू पडत नाही. हा गोंधळ दूर करण्याचा एक सोपा उपाय सुचवला जातो: ज्यात खरोखर आवाजाची नक्कल आहे तेवढे ठेवावे, बाकीचे काढून टाकावे. चमचमाट गेला, भळभळ गेली, की यादी शुद्ध झाली. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की हा उपाय मूळ रोगापेक्षा अधिक घातक आहे. गडगडाटाच्या शेजारी चमचमाटाला बसवताना यादी करणाऱ्यांची भाषिक जाण शाबूत होती. चुकले ते वर दिलेले नाव.

प्रथम गर्जना, केकारव आणि कलरव यांचा विचार करावा. कलरव म्हणजे कल, म्हणजे मधुर आणि अस्फुट, असा रव. या शब्दात हंसाच्या आवाजाचे वर्णन आहे. हंसाचा आवाज नाही. केकारवात ‘केका’ हा अंश मोराच्या ओरडण्याशी जुळता असेल, परंतु ‘रव’ जोडताच त्या अंशाचे नामकरण झाले, तो कोणता आवाज ते सांगितले गेले. गर्जनेच्या मुळाशी असलेल्या धातूत कोणाला घनगंभीर घरघर ऐकू येईलही. तथापि आजच्या मराठीत ‘गर्जना’ हा शब्द ‘प्रार्थना’ किंवा ‘योजना’ यांच्यासारखाच चालतो. ध्वनीचे नाव घेणारा प्रत्येक शब्द ध्वनिदर्शक मानायचा असेल, तर ‘आवाज’, ‘नाद’, ‘सूर’ आणि ‘हाक’ हे शब्द यादीच्या अग्रभागी यायला हवेत. ते तेथे नसतात, यावरूनच यादी करणाऱ्यांच्या मनात काही वेगळे होते हे सिद्ध होते. ध्वनीला नाव देणे आणि ध्वनी उच्चारात उभा करणे या दोन स्वतंत्र क्रिया आहेत, आणि पहिल्या क्रियेच्या शब्दांना या वर्गात स्थान नाही. हंबरणे किंवा भुंकणे यांसारखे काही शब्द सीमेवर उभे आहेत, हे मान्य करावे. सीमेवर वस्ती असते म्हणून सीमा नाहीशी होत नाही.

मग शब्द नक्कल करतो की नाही हे ठरवायचे कसे? कानाने, असे सामान्य उत्तर मिळते. कान मात्र भरवशाचा साक्षीदार नाही. फेर्दिनां द सोस्यूर यांच्या १९१६ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानग्रंथात याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. चाबकासाठी असलेला ‘फ्वे’ आणि मृत्युघंटेसाठी असलेला ‘ग्ला’ हे फ्रेंच शब्द ऐकणाऱ्याला नादमय वाटतात. पण त्यांचा माग घेतला तर पहिला बीच वृक्षाच्या लॅटिन नावापर्यंत आणि दुसरा तुतारीच्या संकेताच्या लॅटिन नावापर्यंत पोचतो. नाद त्यांना योगायोगाने लाभला. म्हणजे कान फसतो. पण म्हणून व्युत्पत्तीला न्यायाधीश करावे, तर तीही अपुरी पडते. कारण शब्द कोठून आला हे सांगणारी व्युत्पत्ती, तो आज बोलणाऱ्याच्या तोंडी कोणते काम करतो, याविषयी गप्प राहते.

हा वाद आपल्याकडे नवा नाही. निरुक्तात यास्क कावळ्याच्या नावाचा, ‘काक’ या शब्दाचा, उलगडा त्याच्या ओरडण्याच्या अनुकरणाने करतो आणि पक्ष्यांच्या नावांत असे पुष्कळदा घडते असेही नोंदवतो. तेथेच औपमन्यवाचा विरोधही दिलेला आहे: शब्दात अनुकरण असे काही नसतेच, कावळा हा हाकलून द्यायचा पक्षी म्हणून त्याचे ते नाव. पाणिनीने या वादात उडी घेतली नाही. त्याने ‘अव्यक्तानुकरण’ अशी संज्ञा वापरली. ज्या ध्वनीत वर्ण स्पष्ट वेगळे होत नाहीत अशा ध्वनीचे अनुकरण. आणि मग असा शब्द दुहेरी कसा होतो, त्याला कोणता प्रत्यय लागतो, त्यात स्वर किती असावे लागतात, एवढेच सांगितले. ‘पटपटा करणे’ हे पटपट आवाजाशी किती हुबेहूब जुळते, याची त्याने चौकशी केली नाही. शब्द भाषेत कसा वागतो हे त्याने पाहिले. मराठीच्या यादीकर्त्यांनी पाणिनीपासून उचलण्याजोगी हीच गोष्ट होती, आणि नेमकी तीच मागे राहिली.

हुबेहूबपणाची अपेक्षा मुळातच फोल आहे, हे एका पक्ष्यावरून दिसते. पावसाळ्याच्या तोंडावर महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला पावशा ‘पेरते व्हा’ असे सांगतो. हाच पक्षी हिंदी मुलखात पपीहा होऊन ‘पी कहाँ’ असे विचारतो, बंगालमध्ये ‘चोख गेलो’, डोळा गेला, असा आक्रोश करतो, आणि भारतात आलेल्या इंग्रजांना त्याच्या ओरडण्यात ‘ब्रेन फीवर’ ऐकू आला. पक्षी एक, साद एक. ऐकणाऱ्याला पेरणीची घाई असेल तर पेरणी ऐकू येते, विरह असेल तर प्रियकर, आणि उन्हाळा सोसवत नसेल तर ताप. कोंबडासुद्धा मराठीत कुकूचकू, हिंदीत कुकडू कूँ आणि तमिळमध्ये कोक्करक्को करतो. अनुकरण हे नेहमी त्या त्या भाषेच्या वर्णांतून आणि तिच्या बोलणाऱ्यांच्या आयुष्यातून गाळून येते. म्हणून अनुकरणाचा शोध निसर्गातील आवाजाशी ताडून घेता येत नाही. तो भाषेच्या घडणीतच घ्यावा लागतो.

आता मुख्य मुद्दा. मराठीच्या घडणीत शिरले की आवाजाचे शब्द आणि मूक शब्द एकाच कुळाचे आहेत हे लपत नाही. गडगड-गडगडाट, खणखण-खणखणाट यांची जी जडणघडण, तीच लखलख-लखलखाट, चमचम-चमचमाट यांची. खणखणीत, ठणठणीत यांचा प्रत्यय तुळतुळीत, बुळबुळीत, लुसलुशीत, टवटवीत यांनाही लागतो. धाडकन आपटणे ऐकू येते. पटकन उठणे, टचकन डोळ्यांत पाणी येणे ऐकू येत नाही. ‘कन’ दोघांना सारखाच. चकली कुरकुरीत असते आणि ती दाताखाली ऐकू येते. करंजी खुसखुशीत असते. तिचा आवाज जवळजवळ नाहीच, जिभेवर विरघळणे तेवढे आहे. स्वयंपाकघरात या दोन शब्दांची अदलाबदल कोणी करीत नाही, आणि त्यांच्यातला एक ‘खरा’ व दुसरा ‘खोटा’ असेही कोणी मानीत नाही.

याहून निर्णायक पुरावा स्वरांचा आहे. बांगड्यांची किणकिण, नाण्याची खणखण, देवळातल्या मोठ्या घंटेची घणघण: ‘इ’पासून ‘अ’कडे आणि ‘क’पासून ‘घ’कडे जाताना वस्तू मोठी आणि आवाज जड होत जातो. पावसाची रिपरिप बारीक असते, धो धो मोठा. आता प्रकाशाकडे वळावे. दिवा मिणमिणतो, काजवा लुकलुकतो, पण वीज लखलखते आणि सोने झळझळते. मंद, दुबळ्या उजेडाला ‘इ’कार आणि भरघोस उजेडाला ‘अ’कार, ही वाटणी आवाजाच्या वाटणीला समांतर आहे. हा नियम काटेकोर नाही; भाषेत असे कल असतात, कायदे नसतात. तरी कल स्पष्ट आहे. किणकिण आणि खणखण यांत जे नाते, तेच मिणमिण आणि लखलख यांत असेल, तर मिणमिण या शब्दाला केवळ दिव्याला तोंड नाही म्हणून कुळाबाहेर घालवणे न्याय्य ठरत नाही.

आणि शेवटचा साक्षीदार तर सर्वांत विलक्षण आहे. ‘शुकशुकाट’ हा शब्द रूपाने गडगडाटाचा सख्खा भाऊ: तीच द्विरुक्ती, तोच प्रत्यय. अर्थ मात्र आवाजाचा संपूर्ण अभाव. ध्वनिदर्शक शब्दांच्या कारखान्यातच मराठीने नि:शब्दतेचा शब्द घडवला आहे. ‘फटफट’ हीच अक्षरे घ्यावीत. मोटारसायकलीला मराठीने ‘फटफटी’ म्हटले ते तिच्या आवाजावरून. आणि पहाट ‘फटफटली’ असे म्हटले तेव्हा आवाजाचा संबंधच नव्हता, पांढरट उजेड फाकला होता. ‘झुंजूमुंजू’ होण्यातही ऐकण्याजोगे काही नाही. नक्कल फक्त आवाजाची होते असे मानणारी व्याख्या या शब्दांपुढे निरुत्तर होते.

यावर एक उत्तर ठरलेले आहे: हे सगळे मुळात आवाजाचेच शब्द, पुढे त्यांचा अर्थविस्तार झाला. काही शब्दांबाबत हे खरे आहे. मडके चांगले की फुटके हे टिचकी मारून पाहतात. ते ठणठण वाजले की धड. त्यावरून माणसाची प्रकृतीही ठणठणीत झाली. रिकामे भांडेही ठणठण वाजते. म्हणून खिसा रिकामा असलेला तो ठणठणगोपाळ. तिजोरीतला खडखडाटही तसाच. एका नादातून आरोग्य आणि दारिद्र्य दोन्ही निघावीत ही मराठीची करामत दाद देण्याजोगी आहे. परंतु हुरहूर, रुखरुख, चुटपुट, तगमग यांचा मूळ आवाज कोणता? मिणमिण कशाच्या आवाजापासून निघाली? जेथे मूळ आवाज दाखवता येत नाही तेथे तो कल्पून घेणे म्हणजे व्याख्या वाचवण्यासाठी पुरावा तयार करणे होय.

मराठी यात एकटी नाही. रवींद्रनाथ ठाकुरांनी ‘शब्दतत्त्व’ (१९०९) या ग्रंथातील लेखात बंगालीतील अशाच शब्दांचा विचार केला. शुभ्रतेचा, लालीचा, वेदनेचा प्रत्यय देणाऱ्या या शब्दांचा कानाशी संबंध नाही, आणि तरीही बंगाली माणूस त्यांना ध्वनीच्याच वाटेने अनुभवतो, हे त्यांनी लक्षात आणून दिले. नाव त्यांनीही ‘ध्वन्यात्मक’ असेच ठेवले, परंतु नावाने त्यांची दृष्टी झाकली गेली नाही. प्राचीन तमिळ व्याकरण तोल्काप्पियम अलग न होणाऱ्या जोडशब्दांना ‘इरट्टैक्किळवि’ म्हणते, आणि ‘उरिच्चोल’ या शब्दवर्गाचा उगम नाद, मनोगत आणि गुण अशा तीन अंगांनी सांगते. मरे एमेनो यांनी १९६९च्या आपल्या निबंधात अशी शब्दघडण आर्य आणि द्राविड या दोन्ही भाषाकुलांत कशी समान आहे, हे दाखवून तिला भारताच्या सामायिक भाषिक वारशात स्थान दिले. संताळीसारख्या मुंडा भाषांतही हे भांडार विपुल आहे. भारताबाहेर, जपानी भाषेत आवाजाच्या शब्दांना ‘गिओंगो’ आणि अवस्थेच्या शब्दांना ‘गिताइगो’ अशी दोन नावे आहेत, पण दोन्ही एकाच घराच्या दोन खोल्या मानल्या जातात. आफ्रिकेतील बांटू भाषांचे अभ्यासक क्लेमंट डोक यांनी १९३५ साली ‘इडिओफोन’ ही संज्ञा रूढ केली, ती अशा शब्दांना स्वतंत्र वर्ग मानूनच. इतक्या भाषांनी जे ओळखले, ते मराठीच्या परीक्षापुस्तकाने ओळखू नये, याला अज्ञानाखेरीज दुसरे कारण दिसत नाही.

वर्ग एवढा रुंद केला तर त्यात काय शिरणार नाही, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. उत्तर असे की कसोट्या आहेत, आणि त्या कानाच्या कसोटीपेक्षा कडक आहेत. पहिली, द्विरुक्त घटक एकटा अर्थपूर्ण नसावा. ‘लाल लाल’ किंवा ‘गोड गोड’ यांतला एकेक शब्द स्वतंत्रपणे उभा राहतो. ‘लुकलुक’मधला ‘लुक’ राहत नाही. दुसरी, शब्दाने आट, ईत, कन, दिशी यांपैकी एखादा प्रत्यय किंवा सरळ क्रियापदाचे रूप घ्यावे: लुकलुकणे, हळहळणे. गर्जनेपासून ‘गर्जनाट’ होत नाही, कलरवापासून ‘कलरवीत’ होत नाही. तिसरी, वर्ण किंवा स्वर बदलताच अर्थाची मात्रा बदलावी. रंगांच्या जोडशब्दांत या कसोट्यांची गरज विशेष जाणवते. पांढराशुभ्र आणि पिवळाजर्द यांत ‘शुभ्र’ व ‘जर्द’ हे रंगांचेच शब्द आहेत, एक संस्कृत आणि दुसरा फारसी. म्हणून ते कितीही ठसकेबाज वाटले तरी या वर्गात येत नाहीत. पिवळाधम्मक, गोडमिट्ट आणि ओलाचिंब मात्र या वर्गाच्या उंबरठ्यावर उभे आहेत. अनुप्रासालाही येथे प्रवेश नाही. कवितेच्या ओळीत ‘स’कार पाच वेळा आला म्हणून ती ओळ अनुकरणशील होत नाही; अनुप्रास हा ओळीचा अलंकार आहे, आणि येथे प्रश्न शब्दाच्या जातीचा आहे.

साहित्याच्या विद्यार्थ्याला ‘ध्वनिदर्शक’ या संज्ञेचा आणखी एक त्रास होतो. नवव्या शतकात आनंदवर्धनाने ‘ध्वनी’ हा शब्द काव्यातील सूचित अर्थासाठी रूढ केला. पदवीवर्गात तोच विद्यार्थी सकाळी ध्वनिसिद्धांत शिकतो आणि दुपारी ध्वनिदर्शक शब्द. दोहोंतला ध्वनी एक नव्हे, हे त्याला सांगण्याचे कष्ट क्वचितच घेतले जातात, आणि उत्तरपत्रिकांत त्याची फळे दिसतात. तेव्हा या संज्ञेला रजा द्यावी हे उत्तम. ‘अनुकारी शब्द’ हे साधे नाव पुरेसे आहे. त्यात नादानुकारी ही एक शाखा असेल. उजेड, स्पर्श, चव, हालचाल, वेदना आणि मनाची अवस्था यांच्या शाखा तिच्या बरोबरीने बसतील.

नाव बदलल्याने काय साधणार, असे विचारले जाईल. वर्गीकरण चुकले की मोल चुकते. आवाजाची नक्कल म्हटली की ती बालभाषा, बडबडगीत, फार तर वर्णनाची झालर, अशी समजूत दृढ होते. मोल्सवर्थच्या १८३१च्या कोशाने आणि पुढे दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’ने हे शब्द मोठ्या निष्ठेने गोळा केले, ते कोश नसते तर यांतले कितीतरी शब्द आज सापडले नसते. पण असंख्य नोंदींत ‘अनुकरणवाचक’ किंवा ‘ध्वनी’ एवढ्या शेऱ्यावर व्युत्पत्ती आटोपते, आणि नंतरच्या छोट्या कोशांनी तो शेराच तेवढा उचलला. हळहळ, रुखरुख, चुटपुट आणि हुरहूर या चौघींसमोर ‘मनाची अस्वस्थता’ असा एकच अर्थ लिहिणाऱ्याने मराठीच वाचलेली नाही. हळहळ दुसऱ्याच्या नुकसानीची असते. रुखरुख आपल्या हातून राहून गेलेल्या गोष्टीची. चुटपुट थोडक्यात हुकलेल्या संधीची. आणि हुरहूर अजून न घडलेल्याची. चार शब्दांत काळ, नाते आणि जबाबदारी यांचे चार निराळे हिशोब आहेत. अनुवादक त्यांना एकाच शब्दात बसवतो तेव्हा मूळ लेखकाची तीन वाक्ये मरतात.

कागदाबाहेरचे नुकसान अधिक आहे. दवाखान्यात आलेली बाई घशात खवखव, डोळ्यांत चुरचुर, जखमेत ठसठस, छातीत जळजळ, पोटात मळमळ, पायात झिणझिण्या आणि अंगात कणकण असे सांगते. यांतले एकही दुखणे ऐकू येत नाही. तरी प्रत्येक शब्दाने दुखण्याची जात, त्याचा वेग, ते सतत आहे की ठोके देणारे, वरवरचे आहे की खोल, हे सांगितलेले असते. जखमेतली ठसठस आणि चुरचुर यांतला फरक तिला शाळेने शिकवलेला नाही. भाषेने शिकवला आहे. ऐकणाऱ्याने या सर्वांची ‘दुखते’ एवढीच नोंद केली, तर तिच्या जवळचे ज्ञान कागदावर चढण्यापूर्वीच सांडते. हे शब्द ग्राम्य, हे शब्द पोरकट, हे शब्द लेखी भाषेत शोभत नाहीत, अशी जी शिकवण वर्गावर्गातून दिली जाते, तिची किंमत अशा ठिकाणी मोजावी लागते. आणि ती मोजणारे बहुधा तेच असतात, ज्यांच्याजवळ दुसरी भाषा नाही.

यादी दुरुस्त करणे अवघड नाही. गर्जना, केकारव, कलरव यांना ‘प्राण्यांच्या आवाजांची नावे’ असे वेगळे पान द्यावे. सळसळ, गडगडाट, भुणभुण यांना नादानुकारी म्हणावे. चमचमाट आणि भळभळ यांना हाकलू नये. त्यांच्याबरोबर मिणमिण, बुळबुळीत, खुसखुशीत, ठसठस, रुखरुख आणि शुकशुकाट यांना सन्मानाने आत घ्यावे. आणि परीक्षेत रिकाम्या जागा भरायला सांगण्याऐवजी असे विचारावे: दिवा मिणमिणतो आणि वीज लखलखते, हे शब्द उलटे का वापरता येत नाहीत? ज्या विद्यार्थ्याने घरी मराठी ऐकली आहे त्याला याचे उत्तर येईल. आजच्या यादीने त्याला ते विचारलेच नव्हते.